बेळगाव-खानापूर फोटोपुस्तक : जोडपानांची आखणी कुठवर आली

आकार ए४ उभा, ६४ पानं, १३० जीएसएम आर्ट पेपर, दोऱ्याची शिलाई. डिजिटल प्रेसच्या १३ × १९ इंची कागदावर ए३ आणि भोवतीचं ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) आरामात बसतं. चार ए३ कागद एकात एक घालून घडी घातली की १६ पानांचा फर्मा. असे चार फर्मे.

चित्रं निवडण्याआधी पानांचे आकडे पक्के केले. फर्म्याच्या पोटातली जोडी एकाच कागदावर सलग छापली जाते : ८-९, २४-२५, ४०-४१, ५६-५७. दोन पानांवर पसरणारी चित्रं फक्त इथेच. १६-१७, ३२-३३, ४८-४९ इथे डावं पान एका फर्म्याचं, उजवं दुसऱ्याचं. त्यामुळे आभाळाच्या दोन छटा दिसू शकतात आणि घडी किंचित सरकली तरी क्षितिज मिलिमीटरभर वरखाली होतं. या पानांवर मजकूर टाकलाय.

२४-२५ वर गोकाकचा धबधबा. ५२ मीटरची धार अख्खी उजव्या पानावर. झुलत्या पुलाच्या तारा मात्र घडी ओलांडतात, आणि बारीक तिरकी रेघ तुटली की डोळ्याला लगेच खुपते. हे चित्र पोटातल्या जोडीशिवाय कुठेच चालणार नाही.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीच्या (जैन मंदिर, इ.स. १२०४) छताचं दगडी कमळ मधोमध ठेवायचा मोह होतोच. पण गोल आकृती घडीत शिरली की चेपलेली दिसते, शिवाय गाभ्यातूनच दोरा जातो. ते एकट्या ११ व्या पानावर.

ब्लीडसह जोडपान ४२६ × ३०३ मिमी, म्हणजे ३०० डीपीआयला (दर इंची ठिपके) ५०३१ × ३५७९ पिक्सेल. ६००० × ४००० चा फोटो कातरूनही पुरतो. मोबाइलच्या ४०३२ × ३०२४ मधून जेमतेम २४० डीपीआय मिळतात. खानापूरच्या जंगलातल्या धुक्याला ते चालतील, हलशीच्या कोरीवकामाला नाही.

डमीत (छपाईआधीच्या नमुना प्रतीत) ५६-५७ फसलं. गडद संध्याकाळ, आणि बरोबर घडीवर टोनर फुटून पांढरी रेघ. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) घडीला आडवा होता. तो १३ इंची बाजूला समांतर हवा. कागद फाडून बघा, ग्रेनच्या दिशेनं तो सरळ फाटतो. पुढच्या डमीला घडीआधी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणं), आणि इथे फिकं चित्र.

शिलाईऐवजी परफेक्ट बाइंडिंग (पानं कण्याला डिंकानं चिकटवणं) घेणाऱ्यांनी इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचे दोन फ्रेम करावेत आणि आतलं चित्र प्रत्येकी ४ मिमी बाहेर सरकवावं. कण्याजवळची पट्टी दोन्ही पानांवर दुबार येते, पण ती डिंकाच्या खोबणीत दडते. न सरकवल्यास तेवढं चित्र गिळलं जातं, माणसाचा चेहरा तिथे असेल तर बघायलाच नको. आकडा डमी उघडून मोजूनच ठरवा.

चित्रओळी मराठी आणि कन्नड, कण्यापासून १५ मिमी दूर. इनडिझाइनमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर दोन्ही लिप्यांची जोडाक्षरं फुटतात. कन्नड ओळींचं मुद्रितशोधन बाकी आहे.