लोखंड विकत घ्यायचं की हिसकावून?

शनिवार, रात्री साडेअकरा

‘सिव्हिलायझेशन ६’, राज्यं वाढवण्याचा कॉम्प्युटर गेम. आज पुन्हा भारताचा राजा चंद्रगुप्त घेऊन बसलो आणि ८२ व्या टर्नला, म्हणजे खेळीला, अडलो. माझ्या चारही शहरांच्या हद्दीत लोखंड नाही. ‘ब्रॉन्झ वर्किंग’ ही खेळातली विद्या शिकल्यावर नकाशावर ते दिसायला लागलं, पण नदीपलीकडच्या टेकडीवर, शेजारी राजा, मालीच्या मान्सा मुसाच्या हद्दीत. माझ्या सीमेपासून जेमतेम दोन टाइल, म्हणजे नकाशावरची दोन घरं. तिथे त्याची खाण सुरूही झालीय.

‘गॅदरिंग स्टॉर्म’ या खेळाच्या विस्तारित आवृत्तीत एक तलवारबाज उभा करायला २० लोखंड लागतं. माझे शिपाई अजून सोटे घेऊन फिरतायत. हत्ती मात्र आहेत. ‘वरू’ या भारताच्या खास हत्तीदलाला लोखंड लागत नाही, आणि शेजारी उभ्या शत्रूचं बळ ते ५ ने कमी करतात. त्यात चंद्रगुप्ताने राज्यविस्ताराचं युद्ध पुकारलं की पहिले १० टर्न सैन्याला ५ जास्तीचं बळ आणि चालीला २ टाइल जास्त. एवढ्यात ती टेकडी सहज घेता येईल.

या खास गुणाला खेळाने नाव दिलंय ‘अर्थशास्त्र’. ते मला दर वेळी खटकतं. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथाच्या सातव्या अधिकरणात तर साफ लिहिलंय की संधी (तह) आणि विग्रह (युद्ध) दोन्हींतून सारखीच वाढ होणार असेल तर संधी करावी. कारण विग्रहात क्षय, व्यय, प्रवास आणि प्रत्यवाय येतात. माणसं मरतात, पैसा जातो, घरापासून लांब राहावं लागतं, पाप पदरी पडतं. त्याच ग्रंथाचं नाव फक्त चढाईच्या बळाला द्यावं, हे मला पटत नाही. संधीचंही काही बक्षीस हवं होतं.

आणि ते चार शब्द मी मागच्या महिन्यात भोगलेत. तेव्हा असंच एक शहर घेतलं. खाण हाती आली ती उद्ध्वस्त होऊन. दुरुस्तीला बिल्डर पोचेपर्यंत शहराची निष्ठा ढासळत गेली आणि शेवटी ते बंड करून फुटलं. युद्ध पुकारताच शेजाऱ्याशी चाललेला व्यापार तुटला होता, बाकीचे राजेही सौद्याला तयार होईनात. लोखंड मिळालं जेमतेम दोन तुकड्यांपुरतं.

मालीवर चाल करायची म्हटलं की १५९१ आठवतं. मोरोक्कोच्या सुलतान अहमद अल-मन्सूरने सोन्यासाठी सहारापार फौज धाडली. तोंदिबीच्या लढाईत बंदुकांनी त्या भागातल्या सोंघाई साम्राज्याचा पराभव केला, पूर्वी मालीच्या साम्राज्यात असलेलं तिंबक्तू शहर घेतलं. पण सोन्याच्या खाणी तिंबक्तूत नव्हत्याच. त्या दूर दक्षिणेला होत्या, आणि तिथलं सोनं मिठाच्या मोबदल्यात, व्यापाऱ्यांच्या हातून हातात येत उत्तरेला पोचायचं. जी साखळी सोनं आणत होती तीच त्या स्वारीने विस्कटली. हे वाचल्यापासून नकाशावरची खाण मला नुसती खाण वाटत नाही. तिच्यामागची माणसं दिसतात.

शेवटी सौद्याची खिडकी उघडली. ४० लोखंड मागितलं, मान्सा मुसाने नाकारलं. मग २० मागितलं. बदल्यात माझ्याकडचा जादा चहा ३० टर्नसाठी, वर थोडं सोनं. झालं!

मन पूर्ण निवांत मात्र नाही. माझ्या चहाने त्याची शहरं खूश राहतील, माझ्या सोन्याने तो फौज वाढवेल. पुढच्या वेळी तो नाही म्हणाला तर मी पुन्हा सोट्यांवर. तरी आज एक तलवारबाज उभा राहिला आणि कोणाचं घर जळलं नाही, याचं मला खरंच बरं वाटलं.

मग त्याच्या शहराकडे एक व्यापारी पाठवला. व्यापारी जातो तिथे मागे रस्ता होत जातो. नदी ओलांडून, त्या टेकडीच्या पायथ्याजवळून तो रस्ता गेला. बराच वेळ बघत बसलो. फौजेलाही तोच सोयीचा.

साडेबारा वाजले. सेव्ह केलं. हत्ती सीमेवरून अजून मागे घेतलेले नाहीत.