किल्ल्यांचा फळा आणि अठरा महिने

निवृत्तीनंतर दोघांनी मिळून परदेशी मिशनवर जायचे, हे आम्ही चाळिशीत असल्यापासून बोलत होतो. प्रत्यक्ष अर्ज भरायला मात्र त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ गेला. आम्ही द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या मंडळीचे सभासद आहोत. मिशन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर छातीवर काळी नावपट्टी लावून जोडीजोडीने फिरणारी तरुण मुले येतात. त्यांतले मुलगे दोन वर्षे आणि मुली अठरा महिने सेवा करतात. वयस्कर जोडप्यांची व्यवस्था निराळी असते, हे मंडळीबाहेरच्या फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. आम्हाला ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांचा कालावधी निवडता येतो, घरोघर जाऊन सुवार्ता सांगण्याची अपेक्षा आमच्याकडून नसते आणि तरुणांचे सकाळी साडेसहाला उठून रात्री साडेदहाला दिवे मालवण्याचे वेळापत्रकही आम्हाला लागू नसते. खर्च मात्र आपलाच असतो. पगार किंवा मानधन मिळत नाही. परदेशी सेवा करणाऱ्या जोडप्यांच्या घरभाड्याला २०११ पासून एक कमाल मर्यादा घालून दिलेली असल्यामुळे महागड्या शहरात नेमणूक होईल ही धास्ती थोडी कमी झाली, एवढेच.

आम्ही अठरा महिने निवडले. अर्जाची सुरुवात स्थानिक धर्माध्यक्षांच्या मुलाखतीने होते, त्यानंतर त्यांच्या वरच्या पातळीवरचे, म्हणजे स्टेकचे (अनेक स्थानिक मंडळ्यांच्या गटाचे) अध्यक्ष मुलाखत घेतात. या दोन्ही मुलाखती तासाभरात आटोपल्या. खरा वेळ खाल्ला तो वैद्यकीय तपासणीने. डॉक्टर आणि दंतवैद्य यांचे अहवाल स्वतंत्रपणे भरून द्यावे लागतात, आणि माझ्या यजमानांच्या दोन दाढांवर निर्णय होईपर्यंत सहा आठवडे गेले. ज्या माणसाने आयुष्यात दात दुखल्याची तक्रार केली नव्हती, त्याच्या दाढांमुळे मिशन अडून राहावे याचे मला हसू येत होते आणि त्यांना राग. आम्ही कोणत्या प्रकारचे काम करू शकतो आणि कोणते काम आवडेल, हे अर्जात लिहिता येते. माझे आयुष्य शाळेत शिकवण्यात गेले आणि यजमानांचे यंत्रांच्या देखभालीत, त्यामुळे मी शिक्षणाशी संबंधित काम लिहिले आणि त्यांनी ‘काहीही चालेल’ असे लिहिले. नेमणुकीचे पत्र आले तेव्हा कळले की मंडळीने माझ्या आवडीपेक्षा त्यांच्या ‘काहीही’कडे अधिक लक्ष दिले होते. आमच्याकडे तरुण मिशनऱ्यांच्या घरांची व्यवस्था सोपवली होती आणि जोडीला एका लहान शाखेतील सभासदांना मदत करण्याचे काम होते.

व्हिसाच्या कथेत फार शिरत नाही. माझ्या नावाचे स्पेलिंग विवाहाच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरे होते, आणि ज्या कचेरीत ते दुरुस्त व्हायचे होते तिथल्या प्रत्येक खिडकीवरून आम्हाला शेजारच्या खिडकीकडे पाठवले जात होते. यात तीन महिने गेले. कुणी जाण्याच्या विचारात असेल तर त्यांनी सर्वांत आधी सगळे दाखले एका टेबलावर मांडून त्यांवरची नावे अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत. अर्ज, मुलाखती, प्रार्थना, सामानाच्या याद्या हे सगळे त्यानंतर.

पहिल्या महिन्यात मी मनातून फार खट्टू होते. आपण धर्मकार्यासाठी आलो आहोत अशी माझी समजूत होती, आणि दिवस मात्र गाद्या, बॉयलर, भाडेकरार आणि धूरसूचक यंत्रांच्या बॅटऱ्या यांत जात होते. आमच्या हद्दीत तरुण मिशनऱ्यांची एकोणीस घरे होती. प्रत्येक घराच्या किल्ल्यांचे दोन जोड आमच्या स्वयंपाकघरातल्या एका फळ्यावर टांगलेले असत. साधारणपणे दर सहा आठवड्यांनी तरुणांच्या बदल्या होतात. कुणाची जोडी बदलते, कुणाचे गाव बदलते, एखादे घर बंद होते आणि दुसरे उघडते. त्या आठवड्यात आम्ही दोघे अक्षरशः हमाल असायचो. एकदा चार गाद्या तिसऱ्या मजल्यावर चढवल्यानंतर कळले की त्या घरात मुली नव्हे तर मुलगे राहणार असून त्यांच्या गाद्या आधीच आलेल्या आहेत. यजमान जिन्यातच एका गादीवर बसले आणि पाच मिनिटे कुणाशी काही बोलले नाहीत.

घरांची तपासणी हे नियमित काम होते. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे यंत्र चालू आहे का, गॅसची जोडणी नीट आहे का, खिडक्या उघडतात का आणि अर्थातच घर स्वच्छ आहे का, हे सगळे पाहायचे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत बिघडलेल्या हीटरमुळे तो साठला तर झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच त्याची शुद्ध हरपते, म्हणून ते छोटे यंत्र आम्ही प्रत्येक वेळी बटण दाबून वाजवून पाहत असू. स्वच्छतेबाबत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांकडून काय अपेक्षा ठेवायची हे मी शाळेत शिकलेलेच होते. आम्ही येणार हे एक दिवस आधी कळवायचे, कारण तपासणीचा खरा हेतू घर स्वच्छ होणे हा आहे, मुलांना पकडणे हा नव्हे. यजमानांना हे पटायला वेळ लागला. त्यांना न सांगता जाण्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसत असे.

या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली ती ढेकणांमुळे. एका घरातल्या दोन मुली आठवडाभर नीट झोपल्या नव्हत्या आणि हातांवरचे पुरळ लपवण्यासाठी लांब बाह्यांचे कपडे घालून हिंडत होत्या. आपल्याच अस्वच्छतेमुळे हे झाले असे वाटून त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. मी पलंगाच्या सांध्यांत टॉर्च मारला आणि एका क्षणात उलगडा झाला. ढेकूण स्वच्छ घरातही येतात, सामानातून येतात, जुन्या फर्निचरमधून येतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांतली एक मुलगी रडू लागली. घरापासून इतक्या दूर, नवी भाषा बोलत, दिवसभर अनोळखी लोकांचे नकार ऐकत हिंडणाऱ्या मुलीला ढेकणांची शरम वाटत होती. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उष्णतेत वाळवणे, गाद्यांना बंदिस्त खोळी घालणे आणि कीटकनाशकवाल्यांना दोनदा बोलावणे यात आमचे बारा दिवस गेले. त्यानंतर त्या दोघी मला त्या देशाच्या भाषेत ‘आजी’ म्हणू लागल्या. नियमाप्रमाणे मी ‘सिस्टर’ आणि माझे आडनाव, एवढीच होते.

शाखेतले काम अधिक नाजूक होते. रविवारच्या प्रभुभोजनाच्या सभेला वीस-बावीस माणसे येत. २०१९ पासून रविवारच्या सभा तीन तासांऐवजी दोन तासांच्या झाल्या आहेत, त्यामुळे लांबून येणाऱ्यांची सोय झाली होती. पण पियानो वाजवणारे कुणी नव्हते. मला तरुणपणी थोडे वाजवता येत असे. पहिल्या रविवारी मी उजव्या हाताने नुसती चाल वाजवली, चौथ्या महिन्यात डावा हात सामील झाला, आणि तोपर्यंत शाखेतली एक बारा वर्षांची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसू लागली होती. नवव्या महिन्यात मी तिला सगळी गीते देऊन टाकली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. ती चुकत असे तेव्हा माझी बोटे मांडीवर हलत असत.

मागच्या बाकावर बसणे हाच खरे तर त्या नेमणुकीचा अवघड भाग होता. शाखेचे अध्यक्ष तिशीतले होते, दिवसा नोकरी करत आणि मंडळीचे काम विनावेतन करत, कारण आमच्याकडे स्थानिक पातळीवर पगारी पाळक नसतात. हिशेब ठेवणारा गृहस्थही नवखा होता. दशांश, म्हणजे सभासद देतात तो उत्पन्नाचा दहावा भाग, आणि उपवासाच्या रविवारचे दान यांची पाकिटे कधीही एकट्याने उघडायची नसतात. दोघांनी एकत्र मोजायची, नोंदवायची आणि जमा करायची असतात. यजमानांना हे काम अर्ध्या तासात उरकता आले असते. त्या गृहस्थांना दीड तास लागे. यजमान त्यांच्या शेजारी हात मांडीखाली दाबून बसत, असे मी सांगितले तर त्यांना राग येईल, पण ते खरे आहे. एखादे जोडपे येते, सगळे सुरळीत करते आणि निघून जाते, आणि त्यानंतर शाखा पुन्हा पहिल्या जागी येते, असे आम्ही ऐकले होते. सातव्या महिन्यापासून ते गृहस्थ यजमानांकडे न पाहता मोजू लागले.

आमच्या दोघांविषयीही लिहिले पाहिजे. मिशनवर प्रत्येकाला एक जोडीदार असतो आणि तरुण मिशनऱ्यांना त्याच्यापासून दूर जाता येत नाही. आमच्या बाबतीत जोडीदार म्हणजे पती किंवा पत्नीच. लोक म्हणतात, मग सोपे आहे. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एकमेकांना कधी पाहिलेच नव्हते. ते गाडी कशी चालवतात हे मला ठाऊक होते, पण रोज सहा तास चालवताना पाहिले नव्हते. आणि मी नकाशा वाचताना वळण येऊन गेल्यावर ते सांगते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या देशात गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत असल्यामुळे प्रत्येक चौकात आम्ही दोघे एकाच वेळी बोलत असू. एका गुरुवारी आम्ही एवढे भांडलो की तासभर गाडीत शांतता होती, आणि त्या संध्याकाळी आम्हाला एका तरुण जोडप्याच्या घरी जाऊन सुखी कुटुंबाविषयी बोलायचे होते. दारावर थाप मारण्यापूर्वी यजमान म्हणाले, ‘वळण तू वेळेवर सांगितले होतेस.’ मी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही ठरवलेला पाठ बाजूला ठेवला आणि त्या जोडप्याला गाडीतली हकिकत सांगितली.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा असतो. तरुणांसाठी तो कपडे धुण्याचा, बाजाराचा आणि घरी बोलण्याचा. २०१९च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांना घरी फोन करण्याची मुभा वर्षातून मोजक्या वेळाच असे, आता दर आठवड्याला असते. आमच्यावर तसे बंधन नव्हते, तरीही आम्ही ठराविक दिवशीच बोलायचे ठरवले, कारण रोज बोलू लागल्यावर माझे मन कामात राहत नसे. अकराव्या महिन्यात आम्हाला नात झाली. मी तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा एका रिकाम्या घराच्या स्वयंपाकघरात सिंक दुरुस्त होण्याची वाट पाहत उभी होते. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा सारखा गोठत होता. प्लंबरने हातातले काम थांबवले, पडद्याकडे पाहिले आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हटले. त्यातला मला फक्त ‘नाक’ एवढाच शब्द कळला.

भाषेचे तसेच राहिले. निघण्यापूर्वी ऑनलाइन शिकवण्या झाल्या होत्या, पण साठी उलटल्यावर शब्द आत जातात आणि बसायला जागा शोधत राहतात. घरमालकांशी बोलण्यापुरती भाषा मला आली. गळती, बुरशी, अनामत रक्कम, पुढचा महिना हे शब्द मी अस्खलितपणे बोलत असे. प्रार्थना मात्र शेवटपर्यंत लहान मुलासारखीच राहिली.

आजारपणाबद्दल एक गोष्ट सांगते. यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सोबत आणलेल्या सहा महिन्यांच्या होत्या. त्या संपल्या तेव्हा औषधाच्या दुकानात आम्ही रिकामे पाकीट दाखवले आणि दुकानदाराने ते ब्रँडचे नाव कधी ऐकलेच नसल्याचे सांगितले. औषधाचे मूळ रासायनिक नाव पाकिटावर बारीक अक्षरांत होते आणि नेमके तिथेच पाकीट फाटलेले होते. चार दिवस गोळ्यांविना गेले. त्यानंतर मी दोघांच्या सर्व औषधांची मूळ नावे आणि मात्रा एका कागदावर लिहून पासपोर्टच्या मागे ठेवली.

सतराव्या महिन्याच्या शेवटी आमच्या जागी येणारे जोडपे आले. आम्ही त्यांना दहा दिवस बरोबर घेऊन हिंडलो, एकोणीसची एव्हाना एकवीस झालेली घरे दाखवली, कोणता मालक फोन उचलतो आणि कोणाकडे प्रत्यक्षच जावे लागते ते सांगितले. नव्या बाई माझ्यासारख्याच शिक्षिका होत्या आणि पहिल्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी ओळखले, पण काही बोलले नाही. शेवटच्या संध्याकाळी यजमानांनी फळ्यावरची प्रत्येक किल्ली त्यांच्यासमोर मोजली. प्रत्येकीला स्वच्छ अक्षरात चिठ्ठी होती. सर्वांत खालच्या खिळ्यावर एक पितळी किल्ली होती, जी आम्हाला आधीच्या जोडप्याकडून मिळाली होती आणि जी अठरा महिन्यांत कोणत्याही कुलपाला लागली नव्हती. यजमानांनी तिच्या चिठ्ठीवर ‘शोध चालू आहे’ असे लिहिले होते. नव्या गृहस्थांनी ती हातात घेऊन दिव्याखाली उलटीसुलटी पाहिली, आणि ही तळघराची तर नसेल, असे विचारत ते दोघे टॉर्च घेऊन जिना उतरू लागले.