तुम्ही विचारलंत म्हणून : पार्सलमध्ये आपल्या वेबसाइटचा पत्ता घालावा का?

मी हाताने शिवलेल्या बांधणीच्या वह्या तयार करते. त्यांतल्या बऱ्याचशा ऑनलाइन मार्केटप्लेसवर, म्हणजे अनेक विक्रेते जिथे आपला माल मांडतात अशा संकेतस्थळावर, विकल्या जातात आणि उरलेल्या माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळते म्हटल्यावर नव्याने विक्रीत उतरलेले लोक मला हमखास विचारतात, ‘मार्केटप्लेसवरून आलेल्या ग्राहकाच्या पार्सलमध्ये आपल्या वेबसाइटचा पत्ता आणि थोड्या सवलतीची चिठ्ठी घातली, तर काय बिघडले? माल आपला, मेहनत आपली, पार्सलही आपणच बांधलेले.’ प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याच्या मनात लबाडी नसते, हे मला ठाऊक आहे; म्हणूनच एका शब्दात ‘नको’ म्हणून तो टाळणे मला बरे वाटत नाही.

माझे मत असे की, मार्केटप्लेसने आणून दिलेली विक्री तिथेच पूर्ण होऊ द्यावी, ती आपल्याकडे वळवण्याच्या फंदात पडू नये. मात्र वेबसाइटला असे एखादे काम नेमून द्यावे की ज्यासाठी लोक आपले नाव शोधत आपण होऊन तिथे येतील.

हे शहाणपण मला उशिरा आले. पहिल्या वर्षी मी तळहातात मावेल एवढे एक कार्ड छापून घेतले होते. त्याच्या एका बाजूला वहीची निगा कशी राखावी हे लिहिले होते. दुसऱ्या बाजूला क्यूआर कोड होता आणि त्याखाली एक ओळ, ‘पुढची वही थेट आमच्याकडून घ्या आणि दहा टक्के सवलत मिळवा.’ ते कार्ड प्रत्येक वहीच्या पहिल्या पानाशी सरकवताना आपण काही वावगे करत आहोत, असे मला एकदाही वाटले नाही. काही महिन्यांनी एका सकाळी विक्रेत्याचे खाते उघडले, तर सगळ्या लिस्टिंग, म्हणजे वह्यांची विक्रीची पाने, बंद झालेल्या होत्या आणि खरेदीदारांना बाहेर वळवल्याच्या कारणावरून खाते निलंबित केल्याची सूचना समोर होती. टेबलावर एकवीस पार्सले बांधून तयार होती. ज्यांनी पैसे भरले होते त्यांचा यात काहीच दोष नव्हता, म्हणून ती मी त्याच दिवशी रवाना केली. माझी रक्कम मात्र अडकून पडली. लेखी खुलासा, उरलेली कार्डे नष्ट केल्याची छायाचित्रे आणि पुन्हा असे करणार नसल्याची हमी, हे सगळे दिल्यावर सहा आठवड्यांनी खाते सुरू झाले. त्या काळात शोधयादीत माझ्या वह्या इतक्या खाली गेल्या की पूर्वीची जागा परत मिळवायला जवळजवळ वर्ष लागले.

तेव्हा मी प्रथमच नियम मुळापासून वाचले. शब्द वेगवेगळे असले तरी मोठ्या मार्केटप्लेसचा आशय एकच आहे. ॲमेझॉन खरेदीदाराला दुसऱ्या संकेतस्थळाकडे वळवण्यास मनाई करते, त्याचा खरा ईमेल पत्ता विक्रेत्याला न देता एक सांकेतिक पत्ता देते आणि ऑर्डर पूर्ण करण्यापलीकडच्या कामासाठी त्याच्याशी पत्रव्यवहार करू देत नाही. ईबेने २०१७ मध्ये लिस्टिंगमधील बाहेरच्या दुव्यांवर बंधने आणली; वस्तूचा व्हिडिओ, अवजड मालाची वाहतूक आणि कायद्याने आवश्यक असलेली माहिती असे मोजकेच अपवाद ठेवले. हस्तकलेच्या वस्तूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या एट्सीच्या नियमांत या प्रकाराला शुल्क चुकवणे असेच म्हटले आहे : तिथे मांडलेली वस्तू दुसरीकडून घ्या, असे ग्राहकाला सुचवणे हाच नियमभंग. नियम बदलत राहतात, त्यामुळे आपण जिथे विकतो तिथले पान वर्षातून दोनदा तरी वाचावे.

पूर्वी हे नियम मला जाचक वाटत. आता तसे वाटत नाहीत. मार्केटप्लेस कमिशन कशाचे घेते, याचा विचार केला की मन बदलते. ते व्यवहाराचे घेत नाही, ग्राहक शोधून आणण्याचे घेते. ॲमेझॉनचे कमिशन अमेरिकेत बहुतेक प्रकारच्या वस्तूंवर ८ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असते. एट्सीने आपले व्यवहार शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केले आणि एट्सीने इतर संकेतस्थळांवर केलेल्या जाहिरातीवरून ग्राहक आला, तर दुकानाच्या उलाढालीनुसार १२ किंवा १५ टक्के वेगळे घेतले जातात. आकडे पाहून पोटात गोळा येतो, हे खरे. परंतु स्वतःच्या वेबसाइटवर एक अनोळखी ग्राहक आणण्यासाठी जाहिरातीवर किती खर्च होतो, याचा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडून पाहा. माझ्या बाबतीत तो पहिली दोन वर्षे कमिशनपेक्षा जास्त होता. याच गोष्टीची दुसरी बाजूही बोलकी आहे. नोंदणीकृत ब्रँड असलेल्या विक्रेत्याने बाहेरून ग्राहक आणला, तर ॲमेझॉन २०२१ पासून विक्रीच्या सरासरी १० टक्के रक्कम त्याच्या शुल्कातून वळती करून देते. ग्राहक आणण्याला किती मोल आहे, हे त्यांनीच असे आकड्यांत सांगितले आहे. म्हणून त्यांनी आणलेला ग्राहक परस्पर वळवणे मला आता न्याय्य वाटत नाही आणि मी कष्टाने आणलेला ग्राहक उगाच त्यांच्या दारात नेऊन सोडणेही पटत नाही.

तरीही स्वतःची वेबसाइट हवीच, आणि या मतावर मी ठाम आहे. ते सहा आठवडे मी विसरलेले नाही. ज्याची विक्री एकाच दारातून होते त्याचे घर एका सूचनेने बंद होऊ शकते. एक गोष्ट मला नेहमी धीर देते : १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार यांनी सुरू केलेले ऑक्शनवेब, जे पुढे ईबे म्हणून ओळखले गेले, ते आरंभी त्यांच्या वैयक्तिक संकेतस्थळाचाच एक भाग होते. डोमेन आपल्या नावावर असले की तिथे काय वाढवायचे, हे आपल्या हाती राहते.

वेबसाइट चालत नाही अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मी ती उघडून पाहते आणि बहुधा मार्केटप्लेसवरचीच छायाचित्रे, तेच वर्णन आणि तीच यादी तिथे दिसते. मग तिथे कोणी कशासाठी यावे? शिवाय मजकूर शब्दशः सारखा असला की शोधयंत्र सहसा त्यांतले एकच पान पुढे करते आणि ते क्वचितच आपले असते. माझी वेबसाइट खऱ्या अर्थाने चालू लागली ती एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या पानामुळे. वहीची शिलाई सैल का पडते, कोणती शाई कोणत्या कागदाच्या मागे उमटते, पुठ्ठा ओलसर झाला तर वजनाखाली किती दिवस ठेवावा, हे मी सविस्तर लिहिले. त्यानंतर भरलेल्या वहीचे वेष्टन काढून त्यात नवे कागद शिवून देण्याचे काम घेऊ लागले. मार्केटप्लेसच्या साच्यात हे काम बसतच नाही, कारण तिथे वस्तू एका दिशेने जाते. हव्या त्या आकाराची आणि नाव उमटवलेली वही हेसुद्धा असेच. आज वेबसाइटवर येणाऱ्या बहुतेक लोकांना वही नको असते, त्यांना वहीविषयी काही विचारायचे असते. त्यांतले काही पुढे ग्राहक होतात.

त्यांना माझे नाव कसे कळते? वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, माझ्या ब्रँडचे नाव आणि वहीचा क्रमांक दाबून उमटवलेला असतो. एवढेच. कारागिराने आपल्या वस्तूवर नाव घालणे ही जुनी रीत आहे आणि आपली ओळख सांगणे व ‘इथून घेऊ नका, तिथून घ्या’ असे सांगणे यांतला फरक नियमही मानतात. मात्र त्यासाठी नाव असे हवे की ते शोधले की आपणच सापडू. ‘सुंदर वह्या’सारखे नाव ठेवले, तर ग्राहकाने मनापासून शोधले तरी तो दुसऱ्याच कुणाकडे पोहोचतो. मी माझे पहिले नाव याच कारणाने बदलले आणि तो खर्च सत्कारणी लागला. कार्ड आजही घालते, पण त्यावर फक्त निगा राखण्याच्या सूचना असतात.

पार्सलावरचे पत्ते जमवून त्यांना जाहिराती पाठवू नयेत. तो पत्ता माल पोहोचवण्यासाठी दिलेला असतो. युरोपात तर २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने माहितीचा असा वापर महागात पडू शकतो.

किमतीबद्दल मात्र थोडे जपून. वेबसाइटवर कमिशन नाही, तेव्हा तिथे स्वस्त विकावे, असे सहज सुचते. माल अन्यत्र स्वस्त देऊ नये ही अट ॲमेझॉनने युरोपात २०१३ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये काढून टाकली. तरीही बाहेरच्या किमतीपेक्षा ॲमेझॉनवरची किंमत बरीच जास्त दिसली, तर खरेदीचे मुख्य बटण त्या विक्रेत्याच्या वाट्याला येईनासे होऊ शकते. बाजारातली स्पर्धा आणि ग्राहकहित यांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात या वागणुकीवरही आक्षेप आहे. तो वाद मोठ्यांचा. त्याचा निकाल लागेपर्यंत आपली विक्री थांबणे परवडत नाही. मी दोन्हीकडे एकाच वहीची किंमत सारखी ठेवते आणि वेबसाइटवर सवलतीऐवजी वेगळी वस्तू देते.

शेवटी, या प्रश्नाच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न : ग्राहकानेच मार्केटप्लेसच्या निरोपांतून विचारले, ‘तुमची वेबसाइट आहे का, तिथे स्वस्त मिळेल का?’, तर काय करावे? मोह इथेच सर्वांत जास्त होतो, कारण पुढाकार आपला नसतो. परंतु निरोप तपासले जातात आणि पत्ता लिहिला की जबाबदारी आपली. मी असे उत्तर देते : ‘आपण विचारलेली वही इथेच मागवावी, किंमत सगळीकडे सारखी आहे. वही भरल्यावर तिच्या मागच्या पुठ्ठ्यावरचा क्रमांक जपून ठेवावा. त्या क्रमांकावरून तिचा कागद आणि शिलाई मला कळते.’