रबरी आमिषाला हुक कोणता? मरळीच्या मागे असलेल्यांसाठी माझी पद्धत

हुकच्या पाकिटामागे कोणत्या आमिषाला कोणता नंबर याचा तक्ता छापलेला असतो, तो बास माशासाठी. बास उत्तर अमेरिकेतला, नागपूरच्या पाण्यात तो नाही. इकडे सॉफ्ट प्लास्टिकवर, म्हणजे मऊ रबरी आमिषावर, झडप घालते ती मरळ. तरी टेक्सास रिग (पुढे गोळीसारखं शिसं, मागे आमिषात टोक लपवलेला हुक), ऑफसेट हुक (नेढ्याजवळ दांड्याला पायरी असलेला) हे बासवाल्यांचं सामान मरळीला चांगलं लागू पडतं, कारण दोघांची शिकारीची रीत एकच: झाडोऱ्यात दबा धरून बसायचं आणि समोरून जाणारं भक्ष्य एका झेपेत घ्यायचं. फरक तोंडात आहे. बासचं तोंड रुंद, जबड्याच्या कडेला पातळ पडदा, तिथे हुक सहज रुततो. मरळीचा जबडा हाडाळ आणि दातेरी. म्हणून तक्त्यातला आकार मी तसाच घेतो, हुकची तार मात्र शक्य असेल तर एक पायरी जाड.

‘शक्य असेल तर’ हे महत्त्वाचं. मजबूत हुक म्हणजे जाड हुक असं धरून बरेच जण 5/0 चा दणकट हुक घेतात आणि तो मध्यम ताकदीच्या स्पिनिंग रॉडला लावतात. तो हुक माशाच्या तोंडात पूर्ण शिरतच नाही. तार जितकी जाड तितकं टोक आणि बार्ब (टोकामागचा उलटा काटा) आत घालायला बळ जास्त लागतं. 12 पौंडी मोनो तंगूस (एकपदरी नायलॉन दोरी) ताणली की लांबते, वीस-पंचवीस मीटरवर मारलेल्या झटक्यातलं बरंच बळ त्या लांबण्यातच जातं. हुक अर्धवट रुततो आणि मरळ दुसऱ्या उडीत सुटते. दोष मग हुकला.

म्हणून दुकानात हुकच्या भिंतीसमोर उभं राहण्याआधी माझं बाकीचं ठरलेलं असतं: पाणी कसलं, रॉड-दोरी कोणती, आमिष केवढं.

पाण्याचं थोडक्यात. काठाला बेशरमाची झुडपं, जलपर्णी किंवा शिंगाड्याच्या वेली असतील तर हुकचं टोक आमिषात लपलेलंच हवं, म्हणजे ऑफसेट किंवा ईडब्ल्यूजी (एक्स्ट्रा वाइड गॅप, जास्त रुंद पोटाचा ऑफसेट). धरणाच्या उघड्या, खडकाळ काठावर साधा जिगहेड (डोक्याशी शिसं ओतलेला हुक) पुरतो, तिथे टोक उघडं राहिलेलं बरं. (तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गळ टाकायचा नाही. बाकी बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, आधी त्यांना विचारावं. काठावरचे ढिवर बांधव कुठे मरळ फिरते हेही सांगतात.) पावसाळ्याच्या सुरुवातीला पिल्लांचा लालसर घोळका पाण्यावर दिसला तर त्याखाली आई-बाप राखणीला असतात. तिथे आमिष टाकू नये. ते भूक नसतानाही झडप घालतात आणि इकडे पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

रॉड आणि तार यांची जोडी मी अशी लावतो. मीडियम स्पिनिंग रॉड, 10 ते 12 पौंडी मोनो किंवा 15 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी): बारीक ते मध्यम तारेचा हुक, 1/0 ते 3/0. मीडियम हेवी बेटकास्टिंग रॉड, 30 पौंडी ब्रेड: मध्यम ते जाड तार, 3/0 ते 4/0. हेवी रॉड, 50 पौंडी ब्रेड, जलपर्णीच्या गालिच्यावर रबरी बेडूक: जाड तार, 4/0 किंवा 5/0. उलटी चूकही होते. 50 पौंडी ब्रेडला बारीक तारेचा हुक लावला तर हुकच सगळ्यात कमकुवत दुवा ठरतो आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट असेल तर सरळ होऊन परत येतो. नंबरांची भानगड नव्यांसाठी: 4, 2, 1 असा हुक मोठा होत जातो आणि 1 नंतर 1/0, 2/0, 3/0 असा पुढे वाढतो.

आता आकार. साध्या ऑफसेट हुकला नेढ्याजवळ पायरीसारखी वळणं असतात आणि पुढचा वाक गोल असतो. सडपातळ गांडुळासारख्या आमिषाला हाच. ईडब्ल्यूजीचा पोटाचा भाग खोल असतो आणि टोक जवळपास नेढ्याच्या रेषेत येतं. जाड बांध्याची आमिषं, शॅड (माशाच्या आकाराचं आमिष), बेडूक यांना तो लागतो. बरेच जण सगळ्यालाच ईडब्ल्यूजी लावतात, मला ते पटत नाही. टोक नेढ्याच्या रेषेत असल्यामुळे ते उथळ कोनात शिरतं. सडपातळ गांडुळाला खोल पोटाची गरज नसताना तो तोटा कशाला घ्यायचा? घनदाट झुडपात आमिष सरळ खाली सोडायचं असेल तर सरळ दांड्याचा जाड हुक उत्तम. तो आमिष धरून ठेवायला दांड्यावरच्या छोट्या काट्यांवर किंवा प्लास्टिकच्या पकडीवर अवलंबून असतो, ती पकड ढिली असेल तर दर दोन फेकींनंतर आमिष खाली घसरतं.

नंबराचा अंदाज: 3 इंची आमिषाला 1/0 किंवा 2/0, 4 इंचीला 2/0 किंवा 3/0, 5 इंची जाड काडीसारख्या आमिषाला 4/0, 7 इंची गांडुळाला 3/0 ते 4/0, बेडकाला 4/0 ते 5/0. पण एका कंपनीचा 3/0 दुसरीच्या 4/0 एवढा निघतो, म्हणून नंबरावर न जाता गॅप मोजावी, म्हणजे टोक आणि दांडा यांमधलं अंतर. आमिषाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट गॅप मिळाली की मी तो हुक हातात घेतो. बांधा 10 मिलिमीटर असेल तर 15.

खरी परीक्षा आमिष ओवल्यावर. टोक आत लपवून बांधा दोन बोटांत दाबायचा, माशाच्या तोंडात तो असाच चेपला जाणार आहे. चेपल्यावर टोक बार्बसकट बाहेर आलं पाहिजे. नुसतं टोक डोकावलं आणि बार्ब प्लास्टिकमध्येच राहिला तर हुक लहान आहे किंवा आमिष जाड. चेपलेलं प्लास्टिक वाकात गोळा होऊन गॅपच भरून टाकत असेल तरी तेच. झडपा मिळतात पण मासा लागत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा या चाचणीत उघडी पडते.

पाकीट उघडल्यावर तपासायच्या गोष्टी तीन. टोक अंगठ्याच्या नखावर हलकं तिरकं ठेवून ओढायचं, नखात रुतून थांबला तर चांगला, घसरला तर बाजूला. नेढं भिंगातून पाहायचं. स्वस्त हुकांत नेढ्याची तार दांड्याला नीट मिळालेली नसते, त्या फटीत बारीक ब्रेड सरकून बसते आणि कापली जाते. तिसरं बार्ब. तो फार उंच कापलेला असेल तर तिथेच तार अशक्त होते, आणि आत जायला जास्त बळही लागतं.

ताकदीची चाचणी एका पाकिटातल्या एकाच हुकवर करायची. लाकडी फळीत जाड खिळा ठोकायचा, हुकच्या टोकावर बुचाचा तुकडा घालायचा, हुकचा वाक खिळ्यात अडकवायचा. नेढ्याला ब्रेड बांधून दुसरं टोक सामान तोलायच्या डिजिटल काट्याला. डोळ्यांवर चष्मा हवा आणि ओढीच्या रेषेत उभं राहायचं नाही, हुक सुटला तर गोळीसारखा येतो. 30 पौंडी ब्रेड म्हणजे साधारण साडेतेरा किलो. ड्रॅग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर कोणी शहाणा लावत नाही, म्हणून साडेचार किलो ओढ पुरे. ओढीआधी आणि नंतर व्हर्नियरने गॅप मोजायची. ओढताना थोडी उघडून परत मिटली तर तार लवचीक आहे, ठीक. उघडीच राहिली तर पोलाद मऊ. तडकन तुटला तर कडक करताना पुरेसं टेंपरिंग (पुन्हा तापवून चिवट करणं) झालेलं नाही, असा लॉट मी परत करतो. वाकणारा हुक निदान दिसतो तरी.

मग हीच ओढ वाकाऐवजी टोकाच्या जवळ देऊन पाहावी. चांगला हुकसुद्धा फार कमी ओढीला उघडतो, कारण आता ओढ वाकावर न पडता टोकावर पडते आणि तरफेसारखी हुक फाकवते. पाण्यात सरळ झालेल्या हुकांपैकी बरेच असेच गेलेले असतात: तार कमकुवत नव्हती, हुक वाकापर्यंत शिरलाच नव्हता. बारीक तारेचा पण पूर्ण रुतलेला हुक, अर्धवट अडकलेल्या जाड हुकपेक्षा भरवशाचा.

ओवण्याचा क्रम. टोक आमिषाच्या नाकात मधोमध पाच-सहा मिलिमीटर घालून बाजूने बाहेर काढा. हुक ओढत नेढं नाकापर्यंत आणा आणि हुक फिरवून टोक आमिषाकडे करा. आता हुक आमिषाशेजारी लोंबता धरा. वाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा आणि टोक त्याच जागेतून आरपार न्या. शेवटी टोक वरच्या पातळ कातडीत जरासं लपवा, एक मिलिमीटरही पुरे. आमिष सरळ लोंबलं पाहिजे. मधे फुगवटा आला तर ते पाण्यात गरगरतं आणि तंगूस पिळली जाते. खूण दोन मिलिमीटर मागे-पुढे करून पुन्हा ओवा. बेडकाला स्प्रिंगवाला हुक असेल तर स्प्रिंग नाकाच्या अगदी मध्यात तीन-चार आटे फिरवायची. दांड्यावर 3.5 ग्रॅम शिसं असलेला हुक बेडूक पालथा होऊ देत नाही. टेक्सास रिगला मी 5 किंवा 7 ग्रॅमचं बुलेट शिसं घेतो आणि वेलींत रबरी स्टॉपरने ते नाकाशी अडकवून ठेवतो, नाहीतर शिसं खाली उतरतं नि आमिष वर वेलीतच राहतं.

गाठ ब्रेडला पालोमार, थुंकीने ओली करून आवळलेली. सरळ दांड्याच्या हुकला स्नेल (दोरी दांड्याभोवती गुंडाळून बांधायची गाठ). तीत दोरी नेढ्यातून टोकाच्या बाजूने आत घालायची, म्हणजे झटक्याला टोक बाहेर फेकलं जातं. उलट बाजूने घातली तर तो फायदा जातो.

मासा सुटल्यावर हुक बघितल्याशिवाय पुढची फेक करू नये. गॅप उघडली असेल तर आधी ड्रॅग पाहा, मग तार. टोक वळलं असेल तर ते हाडावर आपटलं आहे, झटका घाईत गेला. बेडकावर झडप झाल्यावर दोरीला वजन लागेपर्यंत, एक-दोन सेकंद, थांबावं. आमिष खाली घसरलेलं आणि टोक आतच असेल तर गॅप कमी आहे किंवा नाकाची पकड गेली आहे, नाकात सुपरग्लूचा एक थेंब काही फेकींपुरता चालतो. फक्त शेपूट तुटून आली तर हुक बदलून उपयोग नाही, लहान आमिष लावा.

राहता राहिला नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली प्लास्टिकं इतकी मऊ पडतात की नाकात स्प्रिंग धरतच नाही, दुसऱ्या फेकीला फाटतं. पाकीट पाण्याच्या बाटलीशेजारी कूलबॉक्समध्ये ठेवा. टीपीई जातीची ताणणारी आमिषं साध्या पीव्हीसी आमिषांबरोबर एका डबीत ठेवली तर दोन्ही वितळून चिकटतात. मीठ घातलेलं आमिष हुकवर तसंच ठेवून घरी आणलं तर सकाळपर्यंत वाकात गंज दिसतो. वापरलेला हुक कोऱ्या हुकांच्या पाकिटात परत घालायचा नाही. धुवून, पुसून वेगळ्या डबीत ठेवायचा. टोक बोथट झालं तर डायमंड फाइलचे दोन-तीन हलके हात देता येतात, पण तिथलं काळं निकेल निघून जातं, म्हणून घासलेला हुक पुढच्या वेळी सगळ्यात आधी वापरायचा.