बिग बॉसच्या घरात कलम ३०३

कायद्याच्या परीक्षेत कलमं पाठ असूनही मार्क जातात ते समस्येच्या प्रश्नात, म्हणजे घटना देऊन कायदा लावायला सांगतात त्या प्रश्नात. वाचताना कुठला घटक महत्त्वाचा आहे, हे पटकन दिसत नाही. ही नजर तयार करायला आम्ही रत्नागिरीत अभ्यासाला ‘बिग बॉस मराठी’ घेतलं. हसतखेळत केलेला हा सराव ऐन पेपरात आठवतो, म्हणून पद्धत नीट सांगते.

अख्खा एपिसोड बघायचा नाही. भांडणाचा आठ-दहा मिनिटांचा तुकडा पुरतो. तो आधीच डाउनलोड करून ठेवावा, पावसात आपल्याकडे लाइटीचा भरवसा नसतो. पहिल्यांदा नुसतं बघायचं. दुसऱ्यांदा वहीत पाच ओळींत घटना उतरवायची, नावांच्या जागी अ, ब, क. खरी नावं ठेवली की आवडता स्पर्धक निर्दोष सुटतो, हा हमखास होणारा घोटाळा. मग बॅटरीच्या उजेडातही काम होतं: वीस मिनिटांचा गजर, आणि मुद्दा, कायदा, घटनेला तो कसा लागू होतो, निष्कर्ष या क्रमाने उत्तर. पाचव्या पर्वात ‘भाऊचा धक्का’ या आठवड्याअखेरच्या भागात सूत्रसंचालक रितेश देशमुख ज्याला झापायचे, तोच दोषी वाटायला लागायचा. म्हणून सूत्रसंचालकाचं बोलणं उत्तर लिहून झाल्यावरच ऐकावं.

आता चोरी घ्या. समजा, अ ने ब ची कॉफीची बरणी पलंगाखाली लपवली. बहुतेकांचं पहिलं उत्तर येतं, ‘रेशन चॅनेलचं, मग ब ची चोरी कशी?’ भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ मालकी विचारत नाही, ताबा विचारतं. जंगम म्हणजे हलवता येणारी वस्तू, दुसऱ्याचा ताबा, त्याची संमती नाही, अप्रामाणिक हेतू, आणि वस्तू हलवणं: पाचही घटकांपुढे घटनेतलं एकेक वाक्य लिहायचं. टास्कच्या नियमात लपवायची मुभा असेल तर संमती आली, चोरी गळाली. नुसती मस्करी असेल तर हेतूवर अडतं. ‘दुसऱ्या दिवशी परत दिली’ हा बचाव मात्र चालत नाही. प्यारेलाल भार्गव खटल्यात (१९६३) सरकारी कार्यालयातली फाइल थोड्या वेळापुरती बाहेर नेऊन परत आणली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने ती चोरीच धरली.

पुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते: घटना बदलायची. बरणीच्या जागी हापूस ठेवा. झाडावरचा आंबा जमिनीशी जोडलेला, म्हणून तो चोरीचा विषय नाही. देठापासून तुटला की झाला. तोडणं आणि हलवणं एकाच झटक्यात झालं तरी चोरी होऊ शकते, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. देठ तुटून आंबा झेल्यात, म्हणजे आंबे काढायच्या काठीच्या जाळीत, पडतो तो क्षण डोळ्यासमोर आणला की स्पष्टीकरण वेगळं पाठ करावं लागत नाही.

साक्षीपुराव्यासाठी नॉमिनेशनचा भाग बघावा. ‘ती म्हणाली की त्याने साखर चोरली.’ साखर खरंच चोरली का, यासाठी हा ऐकीव पुरावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ५५ प्रत्यक्ष पाहणारा मागतं. पण प्रश्न बदनामीचा, म्हणजे न्याय संहितेच्या कलम ३५६ चा असेल, तर ‘ती असं म्हणाली’ हे स्वतःच्या कानांनी ऐकणारा प्रत्यक्ष साक्षीदारच. एकच वाक्य, दोन उत्तरं. हे पुस्तकापेक्षा त्या सोफ्यावरच्या कुजबुजीतून लवकर कळतं.

जुन्या नोट्स वापरणाऱ्यांनी एक जपावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदललेत. भारतीय दंड संहितेत ३५१ म्हणजे हमला होता, न्याय संहितेत ३५१ म्हणजे धाकदपटशा. हमला १३० वर गेला. अंगावर धावून जाण्याच्या प्रसंगात इथेच हात घसरतो. आणि नुसत्या शब्दांनी हमला होत नाही, हावभाव किंवा तयारी लागते, म्हणून दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद करून स्पर्धकांचे हात बघावेत.