त्याचे आम्हांला काय?

बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानातील २७व्या अध्यायाच्या आरंभी, येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत मुख्य याजकांकडे परत येतो. येशूला मरणदंडास पात्र ठरवून रोमी सुभेदार पिलात याच्या हवाली केले आहे, हे कळल्यावर त्याला पस्तावा झाला आहे. ज्यांच्याकडून त्याने चांदीची तीस नाणी मोजून घेतली होती, त्यांच्याच पुढे ती नाणी धरून तो म्हणतो की, निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केले आहे. त्यावर त्याला उत्तर मिळते : त्याचे आम्हांला काय? तुझे तू पाहून घे. यहूदा ती नाणी मंदिरात फेकतो, निघून जातो आणि गळफास घेतो. येशूच्या दुःखसहनाच्या एवढ्या मोठ्या कथेत या प्रसंगाला जेमतेम तीन वचने मिळाली आहेत आणि प्रवचनांतही तो बहुधा घाईने उरकला जातो. विश्वासघात, अपराधभावना आणि क्षमा यांचा विचार करताना मला मात्र दर वेळी या तीन वचनांपाशी थांबावे लागते.

यहूदाने त्या सकाळी नेमके काय केले, ते शांतपणे पाहण्यासारखे आहे. आपल्या हातून पाप घडले हे त्याने ओळखले, ते कोणते हे कोणतीही सबब न सांगता तोंडाने उच्चारले, त्यातून झालेली कमाई परत केली आणि ज्याचा घात केला तो निर्दोष आहे, अशी साक्षही दिली. तीही अशा वेळी, जेव्हा बाकीच्या शिष्यांपैकी एकानेही येशूच्या बाजूने तोंड उघडल्याची नोंद नाही. चांगल्या कुमसारासाठी, म्हणजे धर्मगुरूपुढे द्यायच्या पापांच्या कबुलीसाठी, धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना जे शिकवले जाते, म्हणजे पापाची जाणीव, त्याबद्दलचे दुःख, त्याचा उच्चार आणि शक्य तेथे भरपाई, ते जवळजवळ सगळे येथे आहे. असे असताना ‘यहूदाला खरा पश्चात्ताप झालाच नाही, तो नुसता निराश झाला’ असे सांगून मोकळे होणे मला पटत नाही. तो निराश झाला हे खरेच; पण तो आधी कोणाकडे गेला होता आणि तेथे त्याला काय ऐकावे लागले, हे सांगितल्याशिवाय त्याच्या निराशेबद्दल बोलणे अन्यायाचे आहे. लोकांची पापे देवापुढे नेणे हेच ज्यांचे काम होते, त्यांनी त्याला दारातून परत पाठवले.

त्यापुढचा तपशील तर अधिकच बोचरा आहे. फेकलेली नाणी याजक गोळा करतात आणि त्यांचे काय करावे याची मसलत करतात. हे रक्ताचे मोल आहे, तेव्हा ते मंदिराच्या भांडारात टाकणे विहित नाही, याची त्यांना पुरेपूर जाणीव आहे. म्हणून त्या पैशांतून परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत विकत घेतले जाते. नाण्यांना लागलेला डाग त्यांना दिसला, त्यावर नियम शोधला गेला आणि तोडगाही निघाला. ज्या माणसाच्या हातातून ती नाणी गळून पडली, त्याच्यासाठी मसलत करण्याची गरज कोणालाही वाटली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण या प्रसंगाचा इतिहासात फार वाईट उपयोग झाला आहे. यहूदाचे नाव आणि याजकांचे हे वर्तन पुढे करून ख्रिस्ती युरोपने शतकानुशतके सगळ्या यहुदी लोकांना विश्वासघातकी ठरवले. येशू, मरिया, पेत्र आणि बाकीचे शिष्यही यहुदीच होते, याचा सोयीस्कर विसर पडला. १९६५ साली कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुदी लोकांवर सरसकट लादता येणार नाही आणि आजच्या यहुदी लोकांवर तर नाहीच, असे जाहीर केले. पिढ्यानपिढ्या कोकणात राहिलेल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाशी शेजार असलेल्या आपल्यासारख्यांना ते कळायला महासभेची वाट पाहावी लागू नये.

शिवाय ‘त्याचे आम्हांला काय?’ हे शब्द फक्त त्या याजकांचे राहिलेले नाहीत. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, दुःखसहनाचा वृत्तान्त वेगवेगळ्या आवाजांत वाचला जातो. एक जण निवेदन करतो, ख्रिस्ताचे शब्द फादर वाचतात आणि जमावाचे शब्द बाकांवर उभे असलेले आपण सगळे म्हणतो. मत्तयचा वृत्तान्त दर तीन वर्षांनी एकदा येतो. ‘त्याला क्रुसावर खिळा’ हे शब्द आपल्या तोंडी येतात हे सर्वांच्या लक्षात असते, पण अनेक ठिकाणी याजकांचे हे उत्तरही समुदायाच्याच वाट्याला दिलेले असते. हातात आशीर्वादित झावळी धरून, शेजाऱ्यांच्या आवाजात आवाज मिसळून मी ते म्हटले आहे, आणि ते किती सहज म्हणता येते, हे त्या क्षणी जाणवले आहे.

आता येशूच्या शिष्यांपैकी अग्रणी असलेल्या पेत्राकडे पाहावे. त्याचा अपराध लहान नव्हता. महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात, कोळशांच्या विस्तवापाशी शेकत असताना त्याने येशूला तीनदा नाकारले, आणि गालीली बोलीवरून लोकांनी त्याला ओळखले तेव्हा तर शपथ वाहून व स्वतःला शाप देत नाकारले. त्यानंतर तो बाहेर जाऊन फार रडला. त्याने कोणापुढे जाऊन कबुली दिली नाही, साक्ष फिरवली नाही, क्रुसाखाली उभे राहिलेल्यांतही त्याचे नाव नाही. पश्चात्तापाच्या बाह्य खुणा मोजायच्या ठरवल्या, तर त्या दिवशी यहूदाचे पारडे पेत्रापेक्षा जड भरेल. मग पेत्र तगला कशामुळे?

शुभवर्तमाने याची उत्तरे तुकड्यातुकड्यांनी देतात आणि ती सगळी पेत्राच्या बाहेरची आहेत. लूक सांगतो की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, असे येशूने त्याला नाकारण्याच्या आधीच सांगितले होते. कोंबडा आरवला तेव्हा प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले, हेही लूकच सांगतो. मार्कच्या वृत्तान्तात रिकाम्या कबरेपाशी बसलेला एक तरुण तेथे आलेल्या स्त्रियांना सांगतो की, जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. ‘शिष्यांना’ म्हटल्यावर पेत्र त्यात आलाच होता, तरीही त्याचे नाव वेगळे घेतले गेले, कारण शिष्यांमध्ये आपण अजून मोजले जातो की नाही, ही शंका त्याच्याइतकी कोणालाच नसणार. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुनरुत्थानाच्या सकाळी येशूची अनुयायी मग्दालिया मरिया धावत जाते ती पेत्राकडे, आणि त्या संध्याकाळी अकरा जण एकत्र असतात. कोणीही त्याला हाकलून दिलेले नाही. सगळेच पळून गेले होते, त्यामुळे हात झटकून ‘तुझे तू पाहून घे’ म्हणण्याइतका स्वच्छ माणूस त्या घरात उरलाच नव्हता.

म्हणून त्या शुक्रवारी यहूदा आणि पेत्र यांच्यातला फरक मला पश्चात्तापाच्या खोलीत दिसत नाही, तर आजूबाजूच्या माणसांत दिसतो. एकाला अपराध घेऊन जायला ठिकाण राहिले नाही, दुसऱ्याला राहिले.

याचा अर्थ पेत्राचा अपराध झाकला गेला असा मात्र नाही. योहानाच्या २१व्या अध्यायात तिबिर्याच्या समुद्राकाठी पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. येशू आधी न्याहारी वाढतो आणि खाणे झाल्यावर विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? तो एकदा विचारून थांबत नाही, तीनदा विचारतो, आणि तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो असे स्पष्ट लिहिले आहे. ज्या जागी जखम झाली होती तेथेच हात लागला, पण जेवण आधी वाढले गेले होते. येथे पुढाकार घेतला तो ज्याचा घात झाला त्याने, स्वतःच्या वेळी आणि स्वतःच्या इच्छेने. मधल्या कोणीही त्याला ‘आता विसर, क्षमा कर’ अशी घाई केली नव्हती. हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण आपल्याकडे घरातल्या किंवा धर्मग्रामातल्या विश्वासघातानंतर सर्वांत आधी दुखावलेल्या माणसाच्याच मागे क्षमेचा तगादा लावला जातो, आणि तेही बहुतेक वेळा बाकीच्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून.

हाच प्रश्न पुढे एका संपूर्ण मंडळीपुढे उभा राहिला. सम्राट डेसियसच्या हुकुमानुसार इ.स. २५० मध्ये रोमन साम्राज्यातल्या प्रजेला देवांना बळी अर्पण करून अधिकाऱ्यांसमोर तसा दाखला घ्यावा लागला. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. त्यांपैकी एक ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या ७२ वर्षांच्या ग्रामस्थाचा आहे. ओळख पटावी म्हणून त्यात ‘उजव्या भुवईवर व्रण’ अशी नोंद आहे आणि मी देवांना नेहमीच बळी अर्पण करत आलो आहे, असे त्याचे निवेदन आहे. हा म्हातारा ख्रिस्ती असेलच असे नाही, कारण दाखला सर्वांनाच लागत होता. पण ख्रिस्ती माणसाला आपला विश्वास कोणत्या कागदावर नाकारावा लागला, ते यावरून डोळ्यांपुढे येते. कार्थेज येथे, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पण केले, तर काहींनी बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे चर्चच्या दाराशी परत आले.

तेथील बिशप सिप्रियन यांची स्थिती अवघड होती, कारण छळाच्या काळात ते स्वतः लपून राहिले होते आणि रोमच्या धर्मगुरूंनी त्यांना त्याबद्दल पत्रातून टोचलेही होते. एका बाजूला, तुरुंगात हाल सोसलेले विश्वासवीर अशा पतितांना समेटाच्या, म्हणजे चर्चमध्ये परत घेण्याच्या, चिठ्ठ्या देत होते आणि त्या दाखवून काही जण लगेच ख्रिस्तशरीर, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर, स्वीकारण्याचा हक्क सांगत होते. दुसऱ्या बाजूला, रोममध्ये नोव्हेशियन हा विद्वान धर्मगुरू अशा माणसांना चर्चने पुन्हा कधीच समेट देऊ नये असे म्हणत होता आणि त्यासाठी तो बिशप कॉर्नेलियस यांच्याविरुद्ध प्रतिस्पर्धी बिशप होऊन उभा राहिला. २५१ च्या कार्थेजच्या सभेने दोन्ही टोके नाकारली. नुसता दाखला घेतलेल्यांचा प्रत्येकाची परिस्थिती पाहून प्रायश्चित्तानंतर स्वीकार करावा, आणि प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवावे व मरणसमयी त्यांना समेट द्यावा, असे ठरले. पुढे एक-दोन वर्षांत नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा त्याच बिशपांनी प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांना ताबडतोब परत घेतले. प्रभूचा प्याला ज्यांना आपण नाकारतो, त्यांना रक्तसाक्षित्वाचा प्याला प्यायला कसे सांगावे, असे सिप्रियन यांनी कॉर्नेलियस यांना लिहिले. नियम कडक करणे सोपे असतानाही आपला नियम सैल करणारा हा बिशप १४ सप्टेंबर २५८ रोजी स्वतः शिरच्छेदाला सामोरा गेला.

यहूदाच्या बाबतीत मात्र चर्चला कोमल व्हायला फार वेळ लागला. आत्महत्या करणाऱ्याला १९१७ च्या कॅनन लॉने, म्हणजे चर्चच्या कायद्याने, ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने मात्र अशा माणसांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असे लिहिले. दगडावर काम करणाऱ्या एका कारागिराचा हात बहुधा त्याआधीच तेथे पोहोचला होता. फ्रान्समधील व्हेझले येथील मग्दालिया मरियेच्या चर्चमध्ये बाराव्या शतकातल्या एका स्तंभशीर्षावर एका बाजूला जीभ बाहेर आलेला, फासावर लटकणारा यहूदा कोरला आहे, आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचे शव खांद्यावर घेऊन चालला आहे. तो माणूस उत्तम मेंढपाळ येशूच आहे, असे काही जण मानतात, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली रोममध्ये बोलताना याच अर्थाने त्या शिल्पाकडे लक्ष वेधले होते. अभ्यासकांचे त्यावर एकमत नसले तरी, कोणीतरी ते शव उचलले आहे, एवढे तर दगडात दिसतेच.

१९८३ चा कॅनन लॉ म्हणतो की, समोरच्याच्या मनःस्थितीबद्दल शंका नसेल आणि तो पापमुक्ती मागत असेल, तर धर्मगुरूने ती नाकारू नये आणि लांबणीवरही टाकू नये. मरणाच्या दारी असलेल्याला तर धर्मगुरुपद सोडलेला माणूसही पापमुक्ती देऊ शकतो. त्या याजकांच्या उत्तराला याहून थेट प्रत्युत्तर मला ठाऊक नाही. पण हा कायदा फादरांना बांधतो, बाकांवर बसणाऱ्यांना नाही, आणि माझी काळजी तेथे आहे. पतपेढीत अफरातफर केलेला माणूस कुमसार करून आला, शिक्षा भोगून आला, पैसे फेडून आला, तरी लग्नाच्या पत्रिका वाटताना त्याचे घर ओलांडून पुढे जाणारे आपणच असतो, आणि ते आपण का करतो, असे फादर प्रवचनातून आपल्याला क्वचितच विचारतात.