माझी रायफल, त्याचा गळ: एप्रिलमधलं न्यूझीलंड

मला नेमबाजीचा नाद आणि नवऱ्याला तासन्‌तास नदीत उभं राहून मासे पकडायचा. भारतात शिकारीचा प्रश्नच नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपवलाय. दोघांचं एकाच सुट्टीत जमावं म्हणून आम्ही न्यूझीलंडचं दक्षिण बेट निवडलं. जाणार असाल तर एप्रिलचा पहिला पंधरवडा धरा. मार्चअखेरीपासून तांबड्या हरणांचा माजाचा काळ असतो, तिकडे त्याला ‘रोर’ म्हणतात. बहुतेक नद्यांवर ट्राउट माशांचा हंगाम ३० एप्रिलला संपतो. दोन्ही हाताशी लागतात ते याच दिवसांत.

तिथे गेल्यावर सगळ्यात गंमत वाटली ती कायद्याची. हरीण आणि ट्राउट, दोघंही उपरे. पहिली तांबडी हरणं १८५१मध्ये आली, तपकिरी ट्राउटची अंडी १८६७मध्ये टास्मानियातून आली. दोघांनाही गोऱ्या वसाहतवाल्यांनी हौसेखातर आणलं. मात्र खाणारा प्राणीच नसल्याने हरणांनी जंगल ओरबाडलं, आणि १९३०पासून सरकारला ती मारायला पगारी माणसं ठेवावी लागली. आज सार्वजनिक जमिनीवर हरणाला ना बंद हंगाम, ना संख्येची मर्यादा. ट्राउटचे मात्र लाड! परवाना, हंगाम, दिवसाला किती ठेवायचे याचा हिशोब, शिवाय विक्रीला पूर्ण बंदी. हॉटेलच्या मेनूत ट्राउट शोधू नका, खायचा तर स्वतः पकडा. आणि आपला हिमालयीन थार, म्हणजे डोंगरातला रानबकरा, ज्याला आपल्याकडे कायद्याचं कडक संरक्षण आहे, तो १९०४मध्ये तिथे सोडला गेला. आता त्याची संख्या आटोक्यात ठेवायला सरकारच शिकाऱ्यांना बोलावतं. मला यावर काय वाटावं हे अजून ठरत नाहीये.

शिकारीचं आधी सांगते. स्वतःची रायफल न्यायची किंवा तिथे एकट्याने वापरायची तर पाहुण्यांसाठीचा शस्त्रपरवाना लागतो, त्याचा अर्ज बराच आधी करा. आम्ही सोपी वाट धरली: परवानाधारक माणूस अगदी शेजारी उभा राहून देखरेख करत असेल तर त्याची रायफल बिनपरवाना माणसालाही चालवता येते. त्यामुळे गाइड घेतला. गाइडला दोन प्रश्न आधीच विचारा. सरकारी जमिनीवर नेणार असेल तर संवर्धन खात्याची, म्हणजे ‘डॉक’ची, व्यावसायिक परवानगी आहे का? आणि हरीण कुंपणाच्या आतलं की बाहेरचं? खाजगी कुरणांवर शिंगांच्या मापाने पैसे लावतात. त्यात गैर काही नाही, पण डोंगर पालथा घालायची हौस असेल तर ती तिथे भागत नाही. स्वतंत्र जाणाऱ्यांना डॉकचा परमिट फुकट मिळतो, मात्र रोरच्या काळात काही भाग सोडतीने वाटतात.

आम्ही हावेआ तळ्याच्या वरच्या अंगाला होतो. तिथल्या कळपाचे पूर्वज १८७१मध्ये स्कॉटलंडहून आलेले. पहाटे दरीतून नराची डरकाळी ऐकू आली की अंगावर काटा येतो, पण गाइडने लगेच बजावलं, की समोरून येणारा आवाज हरणाची नक्कल करत शिंग फुंकणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो. म्हणून भडक नारिंगी जाकीट घालाच. हरणाला तो रंग नीटसा कळत नाही, माणसाला लांबून कळतो. आणि पूर्ण जनावर स्पष्ट दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये.

गाइड खिशातून पावडरची छोटी बाटली काढायचा, दाबायचा आणि ती भुकटी कुठे वाहते ते बघायचा. वारा आपल्या पाठीवर आला की तासाभराची चढण वाया. नेमबाजीच्या रेंजवरची सवय इथे निम्मीच कामाला येते: श्वास धापांचा, पाय उतारावर, टेकू म्हणजे पाठीवरची सॅक. मी मादीवर नेम धरला, शिंगांच्या मोहात पडले नाही. संख्या घटवायची तर माद्याच माराव्या लागतात, आणि मांसही कोवळं. पोट फाडल्यावर थंडीत वाफ निघत होती. नवऱ्याने तोंड फिरवलं, मग मुकाट्याने तंगडी धरायला आला. मागच्या तंगड्या आणि पाठीचं मांस खाली वाहून आणायचं असतं, हे धरून सॅक मोठी घ्या. एक फार महत्त्वाचं: पोसम (झाडांवर राहणारा उपद्रवी प्राणी) आणि उंदरांसाठी ‘१०८०’ नावाचं विष टाकलेल्या भागांची यादी डॉक प्रसिद्ध करतं, त्या भागातलं मांस घेऊ नका. शिंगं, कातडी भारतात आणायच्या नियमांची भानगड आम्हाला नको होती, फोटोवर भागवलं.

मग दक्षिणेला ‘गोर’ नावाचं गाव आणि मताउरा नदी. इथे परवाना ‘फिश अँड गेम’ या मासेमारीचं बघणाऱ्या संस्थेचा, ऑनलाइन मिळतो, परदेशी माणसाला वेगळ्या दराचा. तो उत्तर बेटावरचा टाउपो तळ्याचा भाग सोडून सगळीकडे चालतो, टाउपोचा वेगळा. काही नाजूक नद्यांना आणखी एक परवाना लागतो, तेव्हा नदीचं नाव टाकून तपासा. जोडप्यांसाठी खास: ‘जरा धर ना’ म्हणत बायकोच्या हातात गळ दिलात तर तिचाही परवाना हवा. मी दिवसाचा काढला. एप्रिलमध्ये दुपारी मेफ्लाय नावाचे बारीक किडे पाण्यावर उतरतात आणि संथ पाण्यात ट्राउटची नाकं वर येऊ लागतात. नवरा म्हणे, गळाला बारीक नकली माशी, लांब बारीक दोरा आणि सावली पाण्यावर पडू न देणं, बस्स. सांगायला सोपं. माझी माशी बहुतेक वेळ मागच्या विलोच्या फांदीतच होती.

फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या तळव्याचे बूट तिथे नेऊ नका. २००४मध्ये साउथलंडच्या वाइआउ नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं, ते ओल्या सामानातून पसरतं. एका नदीतून दुसरीकडे जाताना सामान धुवा, हाताला कोरडं लागेपर्यंत वाळवा आणि त्यानंतरही ४८ तास तसंच ठेवा. दोन नद्यांच्या मध्ये शिकारीचे दिवस घातले की वाळवणं आपोआप होतं. विमानतळावर बूट, गळ, तंबू, खाऊ सगळं जाहीर करा. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध नेऊच नका.

पाऊस पडला की नद्या बघता बघता फुगतात, ओलांडायच्या भानगडीत पडू नका. मोबाइलला रेंज नसते, तेव्हा आणीबाणीचा लोकेटर बीकन भाड्याने घ्या. आणि सँडफ्लाय, म्हणजे चावऱ्या बारीक माश्या! अंगाला लावायचं डीटवालं कीटकरोधक औषध, फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे वर ओढलेले. अंधार पडला की त्या चावत नाहीत, म्हणून नदीकाठचं जेवण उशिरा.